बुडबुडा

तुर्भे स्टोअरची शाळा, नववी ब.
बावन्न जण आणि सूक्ष्मदर्शक एक.
तो कपाटातून निघाला
तांडेल बाईंच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला.
त्याच्या आरशात ऊन धरायला
खिडकीतल्या पाण्याच्या बाटल्या खाली काढाव्या लागल्या.

कांदा कोण आणणार, हा प्रश्नच नव्हता.
निम्म्या वर्गाचे बाप रस्त्यापलीकडच्या मार्केटात
पाठीवर पोती घेतात.
सतरा कांदे आले. लागला एक, त्यातलाही पाव.
बाकीचे खिचडीच्या मावशींनी पदरात घेतले.

बाईंनी फाक मोडली, आतल्या अंगाचा पापुद्रा
चिमट्यात धरून ओढला,
पोळल्या बोटावरची कातडी सुटते तसा.
पाण्याचा थेंब, आयोडीन, वर तिरकी धरलेली काच.
"हळू सोडायची. नाहीतर हवा अडकते."

माझा नंबर अडतिसावा.
तोवर सोहेलने सांगून ठेवलं होतं, विटांची भिंत दिसते.
उन्मेषा म्हणाली, दिसत काही नाही, पण हो म्हण.
मी डोळा लावला.
आधी माझीच पापणी दिसली, खराट्यासारखी.
मग एक गोल,
जाड काळ्या काठाचा, आत लख्ख,
इतका पुरा
की मला वाटलं, हीच ती,
जिच्यापासून सगळं.
मागून रांग ढकलत होती.

वहीत बांगडी ठेवून मी तो गोल गिरवला.
बाण काढून लिहिलं: पेशीपटल, पेशीद्रव्य.
मध्ये काहीच नव्हतं,
तेव्हा केंद्रक मनानेच टाकलं, जरा डावीकडे,
खरं वाटावं म्हणून.

"शेडगे, हा हवेचा बुडबुडा आहे."
वर्ग हसला. बाईही हसल्या, थोड्या.
"काठ मात्र बरोबर पाहिलास. पण हे केंद्रक कुठून आणलंस?"
मी गप्प.
"जे दिसलं नाही ते काढायचं नाही.
एवढाच विषय आहे हा. बाकीचं पाठांतर."

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.
ऊन गेलेलं. आरशाखाली मोबाईलची बॅटरी.
शिपाईकाका दारात कुलूप वाजवत.
बाई म्हणाल्या, पट्टी तू सरकव.
मी सरकवली, बुडबुडा कडेला गेला,
आणि त्या आल्या.
लांबट, पिवळसर, एकमेकींना टेकून,
बाबा थप्पी लावतात अगदी तशा,
सांध्यावर सांधा न येऊ देता.
प्रत्येकीत एक गडद ठिपका,
मध्ये नाहीच, कडेला सरकलेला.
मी बाईंकडे पाहिलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

रात्री बाबा आले, केसांत कांद्याची सालं.
मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले,
"एका कांद्यात एवढ्या? मग पोत्यात किती व्हत्याल?"
गुणाकार केला. शून्यं समासाबाहेर गेली.
"आन् एवढं मी उचलतो," म्हणाले, "दिवसाला शंभरदा.
मजुरी मात्र पोत्यावर."
हसताना त्यांनी तंबाखूची डबी उशाखाली सारली.

उद्या गालाच्या आतल्या पेशी.
काडीने हलकेच खरवडायचं, बाई म्हणाल्यात, स्वतःचाच गाल.
पण सराव म्हणून मी म्हटलं, बाबा, आ करा.
त्यांनी केला, डॉक्टरपुढे करतात तसा, डोळे मिटून.
डाव्या गालात, आत,
रुपयाएवढा पांढरा डाग होता.
जाड. काठ स्पष्ट.

माझ्या हातात काडी तशीच.
ते म्हणाले, "दिसलं का काय?"
मी म्हटलं, उजेड नव्हता.
बल्ब डोक्यावरच होता.